दर्याकडची वाट कागदावर आणा

गेल्या चवथीला आमच्या वाड्यावरचे गणपती पहिल्यांदाच टेंपोतून समुद्रावर गेले. आजवर ते डोक्यावरून जायचे. घरामागच्या परड्यातून निघायचं, दोन भाटांच्या, म्हणजे माडांच्या बागांच्या, मधल्या पाणंदीतून खाली उतरायचं, व्हाळावरचा साकव ओलांडायचा, की समोर वाळू. आरत्या म्हणत, थांबत थांबत गेलं तरी पंधरा मिनिटं पुरत. त्या दिवशी पाणंदीच्या तोंडाशी चिऱ्यांची पुरुषभर उंच भिंत होती आणि तिच्यात कुलूप लावलेलं लोखंडी गेट. भाट विकलं गेलं होतं. घेणाऱ्याने कुंपण घातलं आणि कुंपणाच्या आत पाणंदही गेली. आम्ही मूर्ती टेंपोत ठेवल्या, हमरस्त्याने वळसा घालून पार्किंगच्या जागी उतरवल्या आणि उभ्या गाड्यांच्या मधून वाट काढत पाण्यापर्यंत नेल्या. काकी गेटापर्यंत आली होती. पुढचा वळसा तिच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता. ती एवढंच म्हणाली, "वाट बंद केली म्हणजे दर्योच बंद केलो रे."

पेडणे तालुक्याच्या किनारी गावात राहणाऱ्या कुणालाही हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. गोव्यात किनाऱ्याबद्दल आपण खूप बोलतो. शॅक किती असावेत, संगीत किती वाजेपर्यंत चालावं, कचरा कुणी उचलावा, पर्यटक कोणत्या दर्जाचा यावा, यावर वर्तमानपत्रांची पानं भरतात. पण त्या किनाऱ्यावर माणसाने जायचं कुठून, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. माझं म्हणणं असं आहे की समुद्राकडे जाणाऱ्या आणि समुद्राच्या कडेने जाणाऱ्या वहिवाटीच्या सगळ्या पायवाटा गावोगाव शोधून सरकारी कागदावर आणल्या पाहिजेत, आणि हे काम जमिनी विकल्या जाण्याच्या आधी झालं पाहिजे. त्याचबरोबर किनाऱ्यापर्यंत डांबरी रस्ते आणि पार्किंग नेणं थांबवलं पाहिजे. गाव बघायला येणाऱ्याने गावात चालावं. या दोन गोष्टी मी मुद्दाम एकत्र मांडतो आहे, कारण एक सोडून दुसरी केली तर उपयोग होणार नाही.

आमच्याकडचं किनारी गाव कसं बसलेलं असतं ते पाहिलं तर वाटांचं महत्त्व ध्यानात येतं. वर जांभ्याचा सडा, पावसाळ्यात गुरं चरायची ती जागा. मग डोंगराचा उतार, त्याच्या पायथ्याशी घरं. घरांच्या खाली व्हाळ आणि भातशेती, पुढे माडांची भाटं, मग वाळूच्या टेकड्या आणि शेवटी दर्या. माणूस यातल्या एकाच पट्ट्यात कधी जगला नाही. सकाळी सड्यावर, दुपारी शेतात, आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली की हाक ऐकून किनाऱ्यावर. त्यामुळे गावाच्या वाटा डोंगरावरून सरळ समुद्राकडे उतरतात, किनाऱ्याला काटकोन करून. आपल्या कायद्याच्या रेषा मात्र किनाऱ्याला समांतर धावतात. 19 फेब्रुवारी 1991 च्या किनारी नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरचा पट्टा आखला. ग्रामीण भागात त्यातले पहिले 200 मीटर बांधकामाला मनाई असलेले ठरवले. 2011 आणि 2019 साली अधिसूचना बदलल्या, अंतरं बदलली, पण विचार तोच राहिला: पाण्यापासून इतक्या मीटरपर्यंत हे चालेल, ते चालणार नाही. या पट्ट्याने किनारा बराच वाचवला, हे मी मनापासून मान्य करतो. तो नसता तर मोरजी-मांद्र्याच्या वाळूच्या टेकड्या केव्हाच सपाट झाल्या असत्या. पण पट्ट्याला आडवी जाणारी वाट त्या रेषांमध्ये कुठेच पकडली जात नाही.

किंवा अर्धवट पकडली जाते. रिसॉर्टांसाठीच्या अटींमध्ये एक चांगली अट होती आणि ती पुढेही टिकली: दोन हॉटेलांच्या मध्ये लोकांना समुद्रावर जाता यावं म्हणून निदान 20 मीटर रुंदीची मोकळी जागा सोडायची. पण ही अट हॉटेलांना लागू आहे. एखाद्याने भाट विकत घेतलं, त्यात बंगला बांधला नाही, नुसती भिंत घातली आणि माडांना पाणी देत बसला, तर त्याला ही अट कोण विचारणार? पेडण्यात आज बहुतेक वाटा अशाच भिंतींमागे चालल्या आहेत. भिंत ही हॉटेलसारखी दिसत नाही. तिच्यावर मोर्चा निघत नाही. ती एका उन्हाळ्यात उभी राहते, आणि पावसाळा संपेपर्यंत पलीकडच्या पाणंदीत कंबरभर रान माजलेलं असतं. दोन-तीन वर्षांनी आलेला तरुण सर्वेअर तिथे वाट होती यावर विश्वासही ठेवत नाही.

न्यायालयाचा विचार या बाबतीत स्पष्ट आहे. दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याकडे जाणारी लोकांची जुनी वाट एका हॉटेलच्या बांधकामामुळे अडली, तेव्हा नागरिकांनी दाद मागितली. उच्च न्यायालयाचा निकाल 2000 साली लागला आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2009 च्या जानेवारीत. दोन्हीकडे वाटेचा हक्क मान्य झाला. समुद्रकिनारा, वाहतं पाणी, हवा या गोष्टी सरकारकडे जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून असतात, त्या कुणा एकाच्या उपयोगासाठी देऊन टाकता येत नाहीत, हे तत्त्व त्या निकालात विस्ताराने मांडलं आहे. तत्त्व फार जुनं आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळी लिहिलेल्या रोमन कायद्यात समुद्र आणि त्याचा किनारा सर्वांच्या सामाईक गोष्टींत मोजला आहे. पोर्तुगालमध्ये 31 डिसेंबर 1864 च्या राजाज्ञेने किनारा सार्वजनिक मालमत्ता ठरला. पण तत्त्व आणि पाय यांच्यामध्ये वर्षं जातात. राज्याच्या राजधानीला लागून असलेल्या, सगळ्यांना माहीत असलेल्या वाटेसाठी उच्च न्यायालयाच्या निकालापासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंतच नऊ वर्षं लागली. एखाद्या वाड्यावरच्या वीस घरांनी आपल्या पाणंदीसाठी दिल्लीपर्यंत कसं जायचं?

म्हणून मला कागद हवा आहे, आणि तो आधी हवा आहे. गोव्यात जमिनीचा एक-चौदाचा उतारा, सातबाऱ्यासारखाच, सगळ्यांच्या परिचयाचा. कुळांची आणि मुंडकारांची (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणाऱ्यांची) घरं त्या उताऱ्यावरच्या नोंदीवर उभी आहेत. त्यात इतर हक्कांचा रकाना असतो. तुमच्या गावातले दहा उतारे काढून बघा, तो रकाना बहुतेक ठिकाणी कोरा दिसेल. ज्या भाटातून तीन पिढ्या रापणीची जाळी गेली, ज्यातून प्रेतयात्रा आणि गणपती गेले, त्या भाटाच्या उताऱ्यावर वाटेचा शब्दही नाही. जुन्या भाटकारांच्या काळी तो लिहायची गरज कुणाला वाटली नाही, कारण वाट अडवायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. आज घेणारा मुंबईचा, दिल्लीचा किंवा आणखी कुठला असतो. त्याने वकिलाकडून उतारा तपासून घेतलेला असतो आणि उताऱ्यात वाट नसते. खरं सांगायचं तर त्याची बाजू मला कळते. त्याने पूर्ण किंमत मोजलेली आहे आणि कुणी त्याला वाटेबद्दल सांगितलेलं नाही. विकणाऱ्याने सांगितलं नाही, दलालाने सांगितलं नाही, पंचायतीने भिंतीचा परवाना देताना विचारलं नाही. नोंद असती तर घेणाऱ्याने एकतर वाट सोडून भिंत घातली असती किंवा जमीन घेतली नसती. भांडण झालंच नसतं.

भांडण झाल्यावरचा इलाज आपल्याकडे आहे. गोव्याचा 1966 चा मामलतदार न्यायालय कायदा वहिवाटीच्या वाटेतला अडथळा दूर करायला मामलतदाराकडे जाण्याची सोय देतो. आम्हीही अर्ज केला आहे. पण तिथे वहिवाट सिद्ध करायची ती साक्षीने, आणि साक्षीदार म्हातारे होत चालले आहेत.

हे सगळं पेडण्यासाठी आताच निकडीचं का, याचंही कारण आहे. शापोरा नदीने आमचा तालुका बराच काळ वाचवला. शिवोली-चोपडे पूल व्हायच्या आधी फेरीबोटीतून येण्याइतका उत्साह असलेलाच माणूस इकडे यायचा. कळंगुट-कांदोळी भरली तेव्हा हरमल-केरी अजून रिकामी होती. पूल झाला, आणि 2022 च्या डिसेंबरात आमच्याच तालुक्यातल्या मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. आता विमानातून उतरलेला माणूस कळंगुटच्या आधी आमच्या किनाऱ्यावर पोचू शकतो. जमिनीच्या दलालांना हे आमच्याआधी कळलं होतं.

आता येणाऱ्याबद्दल. मला पाहुणा नको आहे असं नाही. मी स्वतः सुट्टीच्या दिवशी इतरांच्या गावात फिरायला जातो. पण जे गाव तीनशे वर्षं समुद्राकडे बघत उभं आहे ते गाडीच्या काचेतून दिसत नाही. तेरेखोलचंच घ्या. गाव गोव्याचं, पण नदीच्या पलीकडच्या काठावर, जमिनीच्या बाजूने सिंधुदुर्गाच्या सोबतीला. केरीहून फेरीबोटीने पलीकडे जायचं. किल्ला मुळात सावंतवाडीच्या खेमसावंतांचा, 1746 साली पोर्तुगिजांनी घेतला. 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रही या किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तिरंगा फडकवला, गोवा मुक्त व्हायच्या सात वर्षं आधी. गाडीने येणारा माणूस किल्ल्यासमोर उतरतो, नदीच्या मुखाकडे पाठ करून फोटो काढतो आणि निघतो. चालत येणाऱ्याला फेरीतून उतरल्यावरचा चढ पायाला लागतो. वरून खाली पाहिलं की नदीच्या तोंडावर हा किल्ला कशासाठी बांधला असेल ते आपोआप समजतं: आत शिरणारी प्रत्येक होडी इथून दिसते. त्या झेंड्यापर्यंत माणसं पायीच गेली होती, हेही चढताना आठवतं. याच गावात गोल्फ मैदानाच्या प्रकल्पासाठी जमीन गेली तेव्हा कूळ-मुंडकार उभे राहिले, त्यांचा झगडा न्यायालयांपर्यंत गेला. जमीन आणि वाट यांचं नातं तेरेखोलच्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

किंवा अलीकडे राहा आणि केरीहून हरमलला चालत जा. मी ही चाल शाळेत असल्यापासून करतो. सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ बघून सकाळी निघायचं. केरीच्या वाळूवर सुरूची बनं आहेत. आता त्यातली पुष्कळ झाडं मुळांसकट आडवी झालेली दिसतात, कारण समुद्र आत येतो आहे. लाटांना अडवायला टाकलेल्या दगडांच्या बांधाजवळ वाळू पातळ झाली आहे. पुढे डोंगर समुद्रात उतरतो. तिथे जांभ्याच्या कड्यावरून जाणारी वाट आहे, एका वेळी एकानेच जाण्याइतकी. पावसाळा संपल्यावर सडा हिरवा आणि लहान लहान फुलांनी भरलेला असतो, पाय कुठे ठेवावा कळत नाही. मग पालयेचा किनारा लागतो, आणि त्याला लागूनच गोड्या पाण्याचं तळं. समुद्रापासून वाळूच्या एका पट्ट्याइतक्या अंतरावर गोडं पाणी. लहानपणी तिथे बसून आम्ही दोन्ही पाणी जिभेला लावून पाहायचो. या तळ्यापासून हरमलच्या मोठ्या किनाऱ्याकडे जाणारी, डोंगराच्या कुशीतून वळणारी वाट मात्र आज दोन्ही बाजूंनी दुकानं आणि खोल्यांनी भरली आहे. कपडे, मणी, पाट्या, विजेच्या तारा. वाट उघडी आहे, पण समुद्र दिसायला दुकानांच्या फटीतून बघावं लागतं.

माझ्या म्हणण्याला होणारा सगळ्यांत मोठा विरोध याच वाटेवरून सुरू होतो. गावातली माणसंच म्हणतात, बंद झाली तर बरंच झालं. वाटा उघड्या ठेवा म्हणजे घराच्या अंगणातून रात्री-अपरात्री परकी माणसं जाणार, दारूच्या बाटल्या पडणार, सून-मुली परड्यात निर्धास्त बसू शकणार नाहीत. एका बाईने मला स्पष्ट विचारलं, "तुमची वाट माझ्या न्हाणीच्या भिंतीला लागून जाते, ती नकाशावर छापून तुम्ही जगाला देणार का?" मी या प्रश्नावर बरेच दिवस विचार केला आहे. तिची भीती खरी आहे. माझं उत्तर असं की नोंद करणं आणि जाहिरात करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक वाट उताऱ्यावर यावी, म्हणजे ती कुणी गिळू शकणार नाही. पाहुण्यांसाठी फलक लावायचे ते गावाने निवडलेल्या एक-दोन वाटांवर, घरांपासून दूर जाणाऱ्या. बाकीच्या वाटा गावाच्या कामाला गावाकडे राहाव्यात. आणि निवडलेल्या वाटेवर दुकान नको, दिवे नकोत, दुचाकी तर मुळीच नको. हरमलच्या त्या डोंगरकडेला वाट आहे म्हणून बिघाड झाला नाही. वाटेची नोंद, रुंदी, वापर हे काहीच कुणी ठरवून दिलं नव्हतं. ती मोकळी जागा समजली गेली आणि जो आधी आला त्याने ताब्यात घेतली.

दुसरा आक्षेप निसर्गाच्या बाजूने येतो, आणि तोही मी हलका मानत नाही. वाळूच्या टेकड्यांवर माणसांचे पाय पडले की मर्यादवेल मरते. ही जांभळ्या फुलांची वेल वाळूला धरून ठेवते. आपल्या पूर्वजांनी तिला हे नाव समुद्राची मर्यादा सांगणारी म्हणूनच दिलं असावं असं मला नेहमी वाटतं. 2011 च्या अधिसूचनेने मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे कासवांच्या विणीसाठी राखले. मोरजीत गावकऱ्यांच्या साथीने वनखातं नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सांभाळत आलं आहे. मग तिथे माणसं कशाला न्यायची? पण माणसं तशीही जातात. जुनी पाणंद बंद झाली की ती थांबत नाहीत, जिथे मोकळं दिसेल तिथून टेकडी तुडवत जातात, एका वाटेच्या दहा वाटा होतात. पार्किंग वाळूला भिडवलं की गाडीचे दिवे थेट किनाऱ्यावर पडतात, आणि अंड्यातून निघालेलं पिल्लू उजेडाकडे भरकटतं. मळलेली, ओळखीची, अरुंद वाट माणसाला आपल्या रेषेत ठेवते. वेल तिच्या दोन्ही बाजूंना जगते. आमच्या बंद झालेल्या पाणंदीच्या तोंडाशी ती अशीच जगत होती.

पैशाचा मुद्दाही बोलून टाकतो. किनाऱ्यापर्यंत गाडी नेली की धंदा वाढतो, असं पंचायतीत नेहमी ऐकू येतं. कुणाचा? गाडी वाळूपाशी थांबते तेव्हा डिकीत पाणी, बिअर, चिप्स सगळं शहरातून भरून आलेलं असतं. गावात तिचा एक पैसा न टाकता ती संध्याकाळी परत जाते, रिकाम्या बाटल्या तेवढ्या मागे ठेवून. तोच माणूस वर हमरस्त्यावर गाडी लावून चालत उतरला तर त्याला वाटेत तहान लागते. तिठ्यावरच्या हॉटेलात तो भाजीपाव खातो, कुणाच्या घरी कोकम सरबताची बाटली दिसली तर विचारतो, मुक्कामाला खोली मिळेल का म्हणतो. आमच्या टॅक्सीवाल्यांनाही यात तोटा नाही, त्यांना भाडं हमरस्त्यापर्यंतचं मिळतंच. ज्यांना चालणं शक्य नाही अशा वृद्धांसाठी आणि अपंगांसाठी गावाने एखादा रिक्षाचा रस्ता ठेवावा, त्याला माझी अजिबात हरकत नाही. काकीही त्यातूनच जाईल.

हे अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांना मी ब्रिटनचं उदाहरण देतो. तिथे इंग्लंड-वेल्समध्ये 1949 च्या कायद्याने स्थानिक संस्थांना पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. नकाशावर आलेली वाट जमिनीचा मालक बदलला तरी टिकते. 2012 साली वेल्सने आपल्या अख्ख्या किनाऱ्याला लागून सुमारे 1,400 किलोमीटरची पायवाट जोडून पुरी केली, शेतांतून आणि खाजगी जमिनींच्या कडेने जाणारी. तिच्यावर चालायला जगभरातून माणसं येतात आणि वाटेतल्या छोट्या गावांतून राहतात. आमच्या तालुक्याचा किनारा तेरेखोलपासून शापोऱ्यापर्यंत एका दिवसात पायी होण्यासारखा आहे. त्याच्या वाटा मोजायला किती दिवस लागतील?

काम ग्रामसभेने सुरू करावं असं मला वाटतं, कारण भिंतीचा परवाना पंचायतच देते. जैवविविधता कायद्याखाली गावोगाव लोकांच्या नोंदवह्या तयार झाल्या, त्यात झाडं, मासे, पिकं लिहिली गेली. तशीच वाटांची नोंदवही करावी. सर्व्हेचा नकाशा हातात घेऊन वाड्यातल्या जाणत्यांबरोबर प्रत्येक वाट चालायची, ती कुठे सुरू होते, कुठे संपते, कोणत्या सर्व्हे नंबरांतून जाते ते लिहायचं, आणि इतर हक्कांच्या रकान्यात नोंदीसाठी पाठवायचं. नोंद होईपर्यंत त्या सर्व्हे नंबरांत भिंतीला परवाना द्यायचा नाही, असा ठराव करायचा.

आमच्या वाड्यापुरतं आम्ही हे सुरू केलं आहे. मागच्या महिन्यात एका रविवारी काकीला ओसरीवर बसवून माझ्या मुलीने वही उघडली. काकीने वाटा नावांनी सांगितल्या: रापणीची वाट, म्हशींची वाट, मसणवाट, मोडक्या माडाची वाट. प्रत्येक वाट कुणाच्या भाटातून जाते, त्या भाटाला आधी कोणतं नाव होतं, पावसात कुठे पाणी भरतं, सगळं. सर्व्हेच्या नकाशावर यातली एकच तुटक रेषेने दाखवलेली सापडली. बाकीच्या वाटांबद्दल काकीने सांगितलेलं शब्दशः उतरवून घेतलं, वर तारीख टाकली आणि खाली तिची सही घेतली. ती वही येत्या ग्रामसभेत टेबलावर ठेवणार आहोत.